इलेक्ट्रॉन ग्रहण एन्थाल्पी : क्रम पाठ न करता कसा लावावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी माध्यमाच्या शाळांतून दहावी झालेली मुले विज्ञान शाखा घेऊन पीयूसीच्या (कर्नाटकातील अकरावी-बारावीच्या) पहिल्या वर्षाला जातात, तेव्हा शिकण्याची भाषा एकदम इंग्रजी होते आणि सुरुवातीच्याच काही पाठांत आवर्तसारणी नव्या रूपात समोर येते. अणूचे आकारमान, धातुगुण, संयुजा यांची ओळख दहावीत झालेली असते आणि आयनीभवन एन्थाल्पीही थोड्या सरावाने अंगवळणी पडते. अडखळायला होते ते इलेक्ट्रॉन ग्रहण एन्थाल्पीपाशी, म्हणजे वर्गात जिला ‘इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी’ म्हणतात तिच्यापाशी. मुलांची कुवत कमी पडते असे मुळीच नाही. बाकीच्या गुणधर्मांसाठी सारणीवर काढलेले दोन बाण (एक आवर्तात डावीकडून उजवीकडे, दुसरा गणात वरून खाली) बहुतेक वेळा साथ देतात, या राशीच्या बाबतीत मात्र ते वारंवार चुकतात. म्हणून या लेखात बाण बाजूला ठेवले आहेत. येणारा इलेक्ट्रॉन नेमका कोठे बसणार आहे, हा एकच प्रश्न प्रत्येक मूलद्रव्याला विचारला, तर क्रम आपोआप लागत जातो, आणि तो लावायचा कसा हेच येथे पायरीपायरीने दाखवले आहे. अणुअंकावरून इलेक्ट्रॉन संरूपण लिहिता येते, एवढे वाचकाला येत असल्याचे गृहीत धरले आहे.

पहिली पायरी : व्याख्या शब्दन्‌शब्द समजून घेणे

वायुरूप अवस्थेतील, एकट्या, उदासीन अणूला एक इलेक्ट्रॉन मिळून ऋण आयन तयार होताना जो एन्थाल्पी बदल होतो, तो त्या मूलद्रव्याची इलेक्ट्रॉन ग्रहण एन्थाल्पी होय. क्लोरिनसाठी ही क्रिया अशी लिहिता येईल : क्लोरिन अणू (वायू) + इलेक्ट्रॉन → क्लोराइड आयन (वायू), आणि तिचे मूल्य −३४९ किलोज्यूल प्रति मोल आहे. या व्याख्येतील ‘वायुरूप’ आणि ‘एकट्या’ हे दोन शब्द परीक्षेत गुण मिळवून देतात आणि समजही तेच देतात. बाजारातला क्लोरिन रेणूंच्या रूपात असतो, मिठातला क्लोराइड आयन स्फटिकात जखडलेला असतो, नळाच्या पाण्यातला क्लोराइड पाण्याच्या रेणूंनी वेढलेला असतो. यांपैकी कोणतीही स्थिती व्याख्येत बसत नाही. अणूभोवती दुसरे काहीही नाही, अशा अवस्थेतच ही राशी मोजली जाते, आणि पुढे फ्लोरिनच्या बाबतीत जो गोंधळ होतो त्याचे मूळ हेच विसरण्यात आहे.

दुसरी पायरी : चिन्ह पक्के करणे

ऊर्जा बाहेर पडली तर मूल्य ऋण, ऊर्जा बाहेरून द्यावी लागली तर मूल्य धन. नियम साधा आहे, पण ‘जास्त’ आणि ‘कमी’ हे शब्द वापरले की तो निसटतो. गणिताच्या दृष्टीने क्लोरिनची −३४९ ही संख्या फ्लोरिनच्या −३२८ पेक्षा लहान आहे. रसायनशास्त्रात मात्र क्लोरिनची इलेक्ट्रॉन ग्रहण एन्थाल्पी ‘अधिक ऋण’ आहे असे म्हणतात. वहीत एक आडवी रेघ ओढून मधोमध शून्य लिहावे, उजवीकडे निऑन +११६ आणि अरगॉन +९६ ठेवावेत, डावीकडे सोडिअम −५३, ऑक्सिजन −१४१, गंधक −२००, फ्लोरिन −३२८ आणि अगदी टोकाला क्लोरिन −३४९ ठेवावा. ही रेघ एकदा स्वतःच्या हाताने काढली की चिन्हाची भीती जाते. उत्तर लिहितानाही ‘जास्त’ किंवा ‘कमी’ असे मोघम न लिहिता ‘अधिक ऋण’ आणि ‘कमी ऋण’ असेच लिहावे, असा माझा आग्रह आहे, कारण मोघम शब्दांमुळे बरोबर विचारही उत्तरपत्रिकेत चुकीचा ठरू शकतो.

इलेक्ट्रॉन आसक्ती ही याच गोष्टीची जुनी मांडणी आहे. तिथे बाहेर पडणारी ऊर्जा धन मानतात, म्हणून क्लोरिनची इलेक्ट्रॉन आसक्ती +३४९ होते. काटेकोर पाहिले तर आसक्तीची व्याख्या निरपेक्ष शून्य तापमानाला करतात, त्यामुळे २९८ केल्विनला दोहोंत सुमारे ६.२ किलोज्यूलचा फरक पडतो. पाठ्यपुस्तकांतील तक्त्यांत तो बहुधा धरलेला नसतो आणि आसक्तीची मूल्येच चिन्ह बदलून छापलेली असतात. क्रम लावताना याने काही बिघडत नाही.

तिसरी पायरी : इलेक्ट्रॉनची जागा शोधणे

संरूपण लिहून झाल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. येणारा इलेक्ट्रॉन कोणत्या कवचात आणि कोणत्या उपकवचात बसेल? तेथे पोहोचणारी केंद्रकाची ओढ, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनांचे परिरक्षण (मधे येऊन ओढ अडवणे) वजा जाता उरणारा परिणामी प्रभार, किती आहे? आणि त्या जागेत आधीच असलेले इलेक्ट्रॉन त्याला किती दूर लोटतील? ओढ जास्त आणि प्रतिकर्षण कमी असेल तर मूल्य अधिक ऋण होते. त्याशिवाय आधीचे उपकवच पूर्ण किंवा अर्धे भरलेले असेल, तर येणाऱ्या इलेक्ट्रॉनला एक तर वरच्या उपकवचात जावे लागते, नाही तर एकट्या इलेक्ट्रॉनशी जोडी करावी लागते, आणि दोन्हींत तोटा होतो.

हे तिसऱ्या आवर्तावर सावकाश करून पाहू, कारण एवढे एक आवर्त नीट जमले की अर्धे काम झाले. सोडिअमच्या ३एस मध्ये एक इलेक्ट्रॉन आहे. नवा इलेक्ट्रॉन तेथेच जोडीला बसतो आणि ३एस पूर्ण होते, म्हणून −५३. धातू असूनही सोडिअमचे मूल्य ऋण असते, हे पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते. धातू इलेक्ट्रॉन ‘देतात’ हे दहावीत पक्के बसलेले असते, पण एकटा सोडिअम अणू इलेक्ट्रॉन घेतानाही थोडी ऊर्जा सोडतो, त्यात विसंगती काही नाही. पुढचा मॅग्नेशिअम. त्याचे ३एस भरलेले आहे, नवा इलेक्ट्रॉन ३पी मध्ये जाणार, तेथे परिरक्षण जास्त आणि ओढ कमी, म्हणून मूल्य धन होते आणि ऋण आयन टिकत नाही. अॅल्युमिनिअममध्ये नवा इलेक्ट्रॉन ३पी च्या दुसऱ्या ऑर्बिटलमध्ये बसतो. ओढ बेताचीच असल्याने मूल्य −४२ एवढेच, सोडिअमपेक्षाही कमी ऋण. सिलिकॉनला एक इलेक्ट्रॉन मिळाला की ३पी बरोबर अर्धे भरते, म्हणून एकदम −१३४. फॉस्फरसचे ३पी आधीच अर्धे भरलेले आहे, नव्या इलेक्ट्रॉनला एखाद्या ऑर्बिटलमध्ये जोडी करावी लागते, त्यामुळे −७२ वर मूल्य मागे येते. गंधकाला ही अडचण नव्याने येत नाही आणि केंद्रकाचा प्रभार एकने वाढलेला असतो, म्हणून −२००. क्लोरिनला एकच जागा भरायची आहे आणि ती भरली की अरगॉनचे संरूपण मिळते, म्हणून −३४९. अरगॉनमध्ये मात्र नवा इलेक्ट्रॉन थेट चौथ्या कवचात, ४एस मध्ये जातो, आणि मूल्य +९६ होते. राजवायूंची ही धन मूल्ये अंदाजाने काढलेली असतात, कारण त्यांचे ऋण आयन मोजण्याइतके टिकतच नाहीत.

डावीकडून उजवीकडे जाताना मूल्य अधिकाधिक ऋण होते, हे वाक्य खोटे नाही. पण या आठ मूलद्रव्यांत ते किती वेळा मोडले ते पाहावे. मॅग्नेशिअमपाशी मोडले, अॅल्युमिनिअम सोडिअमच्याही मागे राहिले, फॉस्फरसपाशी पुन्हा मोडले आणि अरगॉनपाशी तर दिशाच उलटली. प्रश्न काढणारे नेमके याच जागा निवडतात.

दुसऱ्या आवर्तातही हीच चाल दिसते : लिथिअम −६०, बेरिलिअम धन, बोरॉन −२७, कार्बन −१२२, नायट्रोजन शून्याच्या जवळपास आणि किंचित धन, ऑक्सिजन −१४१, फ्लोरिन −३२८, निऑन +११६. नायट्रोजनची घसरण फॉस्फरसपेक्षा तीव्र आहे, कारण अर्धे भरलेले उपकवच दोघांचेही असले तरी नायट्रोजनची जागा फार लहान आहे. याच लहानपणाकडे आता वळू.

चौथी पायरी : गणात खाली उतरताना

पहिल्या गणात काही अडचण येत नाही. हायड्रोजन −७३, लिथिअम −६०, सोडिअम −५३, पोटॅशिअम −४८, रुबिडिअम −४७, सिझिअम −४६. खाली उतरताना अणू मोठा होतो, येणारा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर बसतो, ओढ कमी होते. शेवटच्या तिघांतला फरक नगण्य आहे आणि त्यावर वेळ घालवू नये.

खरा विचार करायला लावतात ते सोळावा आणि सतरावा गण. हॅलोजनांची मूल्ये फ्लोरिन −३२८, क्लोरिन −३४९, ब्रोमिन −३२५, आयोडिन −२९५ अशी आहेत. (काही तक्त्यांत फ्लोरिनसाठी −३३३ दिसेल, क्रम तोच राहतो.) सर्वांत लहान अणू फ्लोरिनचा, केंद्रकाच्या सर्वांत जवळची जागाही त्याचीच, मग पहिला क्रमांक क्लोरिनचा का? फ्लोरिनची त्रिज्या ६४ पिकोमीटर आहे आणि क्लोरिनची ९९. गोल धरून आकारमान काढले तर क्लोरिनचा अणू फ्लोरिनच्या साधारण ३.७ पट भरतो. दोघांच्याही बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन आहेत. म्हणजे फ्लोरिनमध्ये तेवढेच इलेक्ट्रॉन जवळजवळ पाव जागेत दाटीने बसलेले आहेत आणि आठव्याला त्याच दाटीत शिरायचे आहे. सकाळी कॉलेजच्या वेळी खानापूर–बेळगाव बसमध्ये एक सीट रिकामी असणे आणि तेवढ्याच माणसांनी भरलेल्या टमटममध्ये एक सीट रिकामी असणे, यांत जो फरक आहे तोच येथे आहे : जागा दोन्हीकडे एकच, पण रेटारेटी वेगळी. या प्रतिकर्षणात जवळीकीचा काही फायदा खर्ची पडतो आणि फ्लोरिन क्लोरिनच्या मागे राहतो. क्लोरिनच्या पुढे दाटी आणखी कमी होते हे खरे, पण अंतर वाढल्याने ओढ त्याहून वेगाने घटते, म्हणून ब्रोमिन आणि आयोडिन नेहमीप्रमाणे खाली उतरतात.

सोळाव्या गणात हाच परिणाम जास्त ठळक आहे : ऑक्सिजन −१४१, गंधक −२००, सेलेनिअम −१९५, टेल्युरिअम −१९०, पोलोनिअम −१७४. येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. सतराव्या गणात फ्लोरिन फक्त क्लोरिनच्या मागे जातो आणि ब्रोमिनच्या थोडा पुढेच राहतो. सोळाव्या गणात मात्र ऑक्सिजन थेट शेवटी, पोलोनिअमच्याही मागे जातो. ‘पहिला आणि दुसरा यांची अदलाबदल करा’ असे सूत्र पाठ करून गेलेला विद्यार्थी सेलेनिअम आणि ऑक्सिजनची तुलना विचारली की हमखास फसतो. आकडे पाहिले तर उलगडा होतो. ऑक्सिजन आणि गंधक यांच्यात ५९ ची तफावत आहे, फ्लोरिन आणि क्लोरिन यांच्यात केवळ २१ ची. शिवाय गंधकापासून टेल्युरिअमपर्यंत मूल्य जेमतेम दहाने घटते, तर क्लोरिनपासून ब्रोमिनपर्यंतच चोवीसने. म्हणून एकीकडे पहिला सदस्य तळाशी जातो आणि दुसरीकडे तो मधे अडकतो.

एक अपवाद आवडीखातर सांगतो, कारण तो फारसा शिकवला जात नाही. सोने हा धातू आहे, तरी त्याची इलेक्ट्रॉन ग्रहण एन्थाल्पी −२२३ च्या आसपास, म्हणजे गंधकापेक्षाही अधिक ऋण आहे. सिझिअमसारख्या उदार धातूबरोबर सोने खरोखरच ऋण आयन बनते आणि सिझिअम ऑराइड नावाचे आयनिक संयुग तयार होते. सोन्याला ‘ऋण आयन’ म्हणून पाहिल्यावर धातू–अधातू ही विभागणी किती लवचिक आहे ते कळते.

पाचवी पायरी : फ्लोरिनबद्दलचा गैरसमज दूर करणे

क्लोरिन अधिक ऊर्जा सोडतो, तर क्लोरिनच अधिक प्रभावी ऑक्सिडीकारक असायला हवा, असा प्रश्न वर्गात येतो. तो चांगला प्रश्न आहे आणि ‘फ्लोरिन अपवाद आहे’ एवढ्यावर त्याची बोळवण करू नये. ऑक्सिडीकारक म्हणून हॅलोजन काम करतो तेव्हा सुरुवात रेणूपासून होते आणि शेवट पाण्यातल्या आयनाने होतो. तेव्हा तीन टप्प्यांची बेरीज करावी लागते : रेणूचा बंध तोडणे, अणूने इलेक्ट्रॉन घेणे, आयनाचे जलयोजन होणे (म्हणजे तो पाण्याच्या रेणूंनी वेढला जाणे). फ्लोरिनसाठी, एका अणूमागे, बंध तोडायला +७९, इलेक्ट्रॉन घेताना −३२८, जलयोजनात −५१५. एकूण −७६४ किलोज्यूल प्रति मोल. क्लोरिनसाठी +१२१, −३४९, −३८१, एकूण −६०९. फ्लोरिनचा बंध दुबळा आहे आणि त्याचा चिमुकला आयन पाण्याच्या रेणूंना घट्ट ओढून घेतो, त्यामुळे मधल्या टप्प्यात गमावलेले २१ किलोज्यूल तो सहज भरून काढतो. बंध दुबळा असण्याचे कारणही तेच आहे : लहान जागेतले एकाकी जोडीचे इलेक्ट्रॉन एकमेकांना लोटतात.

विद्युतऋणतेशी होणारी गल्लतही येथेच मिटवावी. विद्युतऋणता म्हणजे बंधात असताना सामायिक इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचण्याची प्रवृत्ती. तिला एकक नाही, आणि पाउलिंगच्या मापश्रेणीत फ्लोरिन ४.० वर सर्वांत वर आहे. इलेक्ट्रॉन ग्रहण एन्थाल्पी एकट्या अणूची, मोजता येणारी ऊर्जा आहे आणि तिथे क्लोरिन वर आहे. दोन वेगळ्या मोजमापांची उत्तरे वेगळी येणे स्वाभाविक आहे.

सहावी पायरी : दुसरा इलेक्ट्रॉन

ऑक्सिजन अणूला पहिला इलेक्ट्रॉन मिळताना १४१ किलोज्यूल बाहेर पडतात. पण तयार झालेला आयन ऋण असल्याने दुसरा इलेक्ट्रॉन त्याच्यापासून दूर लोटला जातो आणि त्याला आत ढकलण्यासाठी सुमारे ७८० किलोज्यूल द्यावे लागतात. दोन्हींची बेरीज +६३९. म्हणजे मोकळ्या वायुरूप अवस्थेत ऑक्साइड आयन बनवणे तोट्याचे आहे. दुसरी इलेक्ट्रॉन ग्रहण एन्थाल्पी नेहमी धन असते, हा नियम अपवादाशिवाय वापरावा. मग ऑक्साइडे एवढी विपुल का? बेळगावजवळ यमनापूरला बॉक्साइटपासून अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनिअमचे ऑक्साइड, तयार होते. त्या पांढऱ्या भुकटीचे गणित जुळते ते जालक एन्थाल्पीमुळे. जवळजवळ येऊन रचले गेलेले धन आणि ऋण आयन एवढी प्रचंड ऊर्जा सोडतात की दुसऱ्या इलेक्ट्रॉनचा खर्च त्यातून भागतो. मॅग्नेशिअम ऑक्साइडसाठी हा आकडा प्रति मोल ३८०० किलोज्यूलच्या आसपास आहे.

स्वयंपाकघरातल्या मिठाचेही तेच. सोडिअममधून इलेक्ट्रॉन काढायला ४९६ लागतात, क्लोरिन देतो ३४९. १४७ ची तूट राहते. सोडिअम स्वखुशीने इलेक्ट्रॉन देतो आणि क्लोरिन स्वखुशीने घेतो, हे शाळेतले वर्णन या तुटीपाशी अपुरे पडते. बॉर्न आणि हाबर या शास्त्रज्ञांच्या पद्धतीने सारे टप्पे मांडले, म्हणजे सोडिअमचे संप्लवन +१०८, आयनीभवन +४९६, अर्धा क्लोरिन बंध +१२१, इलेक्ट्रॉन ग्रहण −३४९ आणि जालक −७८८, की बेरीज −४१२ येते. मोजलेले मूल्य −४११ आहे, एकचा फरक पूर्णांक धरल्यामुळे. हा हिशेब एकदा वहीत स्वतः करून पाहावा.

सराव

कर्नाटकच्या सीईटीत, म्हणजे व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेत, रसायनशास्त्राच्या ६० प्रश्नांना ८० मिनिटे मिळतात, त्यामुळे पुढील प्रत्येक उदाहरण सव्वा मिनिटात सोडवण्याचा प्रयत्न करावा. मात्र पहिल्या वेळी घड्याळ बाजूला ठेवून संरूपण लिहूनच सोडवावे.

७.१ ग्रॅम वायुरूप क्लोरिन अणूंचे पूर्णपणे क्लोराइड आयनांत रूपांतर झाले तर किती ऊर्जा बाहेर पडेल? अणुवस्तुमान ३५.५, म्हणून ०.२ मोल, ०.२ × ३४९ = ६९.८ किलोज्यूल. प्रश्नात मूल्य इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये दिले असेल, जसे ३.६१, तर त्याला ९६.५ ने गुणून किलोज्यूल प्रति मोल करून घ्यावे.

क्लोराइड आयनातून एक इलेक्ट्रॉन काढून घ्यायला किती ऊर्जा लागेल? ही मूळ क्रियेची उलट क्रिया आहे, म्हणून आकडा तोच आणि चिन्ह उलटे : +३४९ किलोज्यूल प्रति मोल. येथे क्लोरिनची आयनीभवन एन्थाल्पी वापरणे चूक ठरेल, कारण ती उदासीन अणूची असते.

अॅल्युमिनिअम, सिलिकॉन, फॉस्फरस आणि गंधक यांना कमी ऋणाकडून अधिक ऋणाकडे लावा. सिलिकॉन आणि फॉस्फरस यांच्यात अर्ध्या भरलेल्या ३पी चा विचार केला की क्रम मिळतो : अॅल्युमिनिअम, फॉस्फरस, सिलिकॉन, गंधक.

ऑक्सिजन, फ्लोरिन, गंधक, क्लोरिन आणि सेलेनिअम यांचा क्रम लावा. आधी गण वेगळे करावेत : सतराव्या गणातले दोघे सोळाव्याच्या तिघांपेक्षा अधिक ऋण. सतराव्यात क्लोरिन फ्लोरिनच्या पुढे. सोळाव्यात गंधक पुढे, मागोमाग सेलेनिअम, आणि दाटीमुळे ऑक्सिजन शेवटी. म्हणून कमी ऋणाकडून अधिक ऋणाकडे ऑक्सिजन −१४१, सेलेनिअम −१९५, गंधक −२००, फ्लोरिन −३२८, क्लोरिन −३४९.